सहाबोटीच्या हातचा पहिला दाणा

शोभा या नावाने तिला वलगावात फक्त मीच हाक मारायचे, तीही हजेरीपुरती. बाकी गावाची ती सहाबोटी. उजव्या करंगळीला लागून आणखी एक इवलंसं बोट होतं, नखासकट. त्या वर्षांत पाऊस दगा देत होता, बियाणं उगवत नव्हतं आणि लोक कशावर विश्वास ठेवतील याचा नेम नव्हता. "पोट्टीच्या हाताले लक्ष्मी हाये," म्हणत तिला शाळेतून उचलून वावरात नेत आणि सरकीचा पहिला दाणा त्या हाताने मातीत ठेववून घेत.

मी तिची चौथीची बाई. डोकं माझं तापट. फळ्यावरचं उतरवत नाही, दप्तरांना अडखळते, म्हणून तिला वेंधळी ठरवून मी मोकळी झाले होते. एकदा चिडून विचारलं, "काय बघतेस टकामका?"

"बाई, तुमचं तोंड दिसते. कान नाई दिसत."

वर्ग हसला, मीही हसले. घरी गेल्यावर मात्र आरशासमोर उगाच कान चाचपून पाहिले.

दिवेलागणीला ती असेल तिथे थांबायची. आई येऊन हात धरेपर्यंत रस्त्याच्या मधोमध उभी. डोळे सताड उघडे. एकदा मी गुपचूप तिच्यासमोर जाऊन उभी राहिले, हातभर अंतरावर. तिची पापणीही लवली नाही. मग ती हळूच म्हणाली, "बाई, तुमीच ना? खडूचा वास येऊन राहिला."

तिला आणि तिच्या बाबांना घेऊन मी अमरावतीच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी बराच वेळ बॅटरीने डोळ्यांच्या आत पाहिलं आणि एकदम म्हणाले, "हात दाखव, बेटा." ते सहावं बोट चिमटीत धरून त्यांनी बाबांना विचारलं, "बायको नात्यातली?"

"मामाचीच पोरगी, साहेब."

आजार जन्माचा होता, लाखात एखाद्याला होणारा. बोट आणि डोळे, दोन्ही त्याचंच देणं. डोळ्यामागचा पडदा कडेकडून मरत चालला होता आणि त्याला औषध नव्हतं. परतीच्या एसटीत बाबांनी लेकीचा तो हात आपल्या मुठीत झाकून ठेवला होता. मी गावात सांगून पाहिलं. "बाईले काय समजते," म्हणत लोक पुढच्या पेरणीलाही तिला न्यायला आले.

शोभाला पूर्ण अंधत्व आलं त्या वर्षी तिला बहीण झाली. दोन्ही पायांना सहा-सहा बोटं. गावाने साखर वाटली. शोभाने बाळ मांडीवर मागून घेतलं, पाय चाचपले, बोटं मोजली, पुन्हा मोजली. "हिले वावरात नका नेऊ," एवढंच म्हणाली.

माझी अकोल्याला बदली झाली तेव्हा निरोप घ्यायला गेले. भर दुपारचं ऊन होतं. अंगणात तीन वर्षांची ती चिमुरडी डोळ्यांवर ओढणी बांधून चालत होती आणि मागून शोभा शिकवत होती, "आंगनाच्या दारापासून चुलीलोक सात पावलं. मधी उंबरा." पोर पडली, रडली. शोभाने तिला उठवून पुन्हा दारात उभं केलं.

माझं डोकं फिरलं. "कशाला छळतेस तिला? अजून दिसतंय ना तिला!"

शोभाने माझ्या आवाजाकडे तोंड वळवलं.

"म्हनूनच तं, बाई. मले कोनी शिकवलं नाई."

मी तिची बाई होते.