एका पत्त्यावरच्या तीस जणी

चष्मेवाल्या काकांच्या दुकानात, काचा घासायच्या यंत्रामागे, एक काळी पेटी अहोरात्र घुमत असे. गिऱ्हाइकांना वाटे, बिलाचं मशीन असेल. पण ती पेटी अनोळखी माणसांना वाट द्यायची! आपण कोण, कुठले हे कळू न देता ज्यांना इंटरनेटवर जायचं असतं, त्यांचे निरोप अशा हजारो पेट्यांमधून हातोहात पुढे सरकतात. पेट्या चालवणारे सगळे बिनपगारी. पेटीतून कोण काय घेऊन गेलं, हे काका बघत नसत. ते बघत तो फक्त पडद्यावरचा आकडा, या घडीला किती जण वाटेत आहेत एवढाच.

काकूंना हा कारभार पसंत नव्हता.

"वीज आपली, धूळ आपली, आणि पाहुण्यांचं नावसुद्धा ठाऊक नाही!"

"नाव विचारलं असतं, तर ताई सुटली असती का गं?"

ताई म्हणजे काकांची थोरली बहीण. नवरा रोज तिचा फोन तपासायचा. अशाच वाटेनं तिनं मदत मागितली आणि एका सकाळी नुसत्या पिशवीनिशी बायकांच्या आश्रयगृहात पोचली.

त्या मंगळवारी काकांनी दुकान उघडलं, तर पेटी चटका बसावा इतकी तापलेली. खऱ्यांना आत शिरायला जागाच उरू नये म्हणून कुणीतरी खोट्या विनंत्यांचा लोंढा सोडला होता. पेट्या चालवणाऱ्यांच्या इंटरनेटवरच्या गप्पांत नुसता गलका! 'कासव' या नावानं वावरणाऱ्या एकानं लिहिलं, "एका पत्त्यावरून दोनच जोडण्या घ्या. तिसरीला दार बंद."

काकांनी तसं केलं. पाच मिनिटांत पेटी गारेगार.

"जिंकलात की!" काकू चहा घेऊन आल्या.

काका मात्र आकडा न्याहाळत होते. लोंढा ओसरला होता, पण आकडा एरवीच्या शांत सकाळपेक्षाही खाली गेला होता.

"अगं, ताईच्या आश्रयगृहात इंटरनेट कसं होतं?"

"कसं म्हणजे? तीस जणींत एकच वायफाय. त्यावरून रोज भांडणं, सांगायची ना ती."

"म्हणजे माझ्या पेटीला तीस जणींचा पत्ता एकच दिसणार."

काकूंचा कप हातातच राहिला. "अहो, मग दोघी आत गेल्यावर तिसरीनं काय करायचं?"

काकांनी दोनाचे पन्नास केले. लोंढा दणक्यात परतला, पेटी कण्हू लागली. काकूंनी गिऱ्हाइकांच्या बाकावरचा पंखा उचलून थेट तिच्यासमोर ठेवला. काकांनी गप्पांत तीस जणींची गोष्ट लिहिली.

मग कासव उमटलं, "चुकलंच माझं. मीही पन्नास केले." पाठोपाठ दुसरा, "मीही." कुणाकडे पहाट होती, कुणाकडे जेवणाची वेळ. "आणखी एक पेटी जोडतोय." "माझ्याकडे दोन." एकानं दुसऱ्याचं तोंड पाहिलेलं नाही, आणि तरी विंगेतल्या अंधारात सगळ्यांनी मिळून एकच दोर ओढावा आणि तो जड पडदा हलके हलके वर जावा, तसा लोंढा शेकडो पेट्यांत वाटला गेला. दुपारी आकडा वर चढू लागला. काका तोंडात बोट घालून बघत राहिले.

"यात असेल का हो एखादी तिसरी?" काकूंनी हळूच विचारलं.

"ते कधीच कळणार नाही."

"नकोच कळायला."

इतक्यात बाकावरचं गिऱ्हाईक कपाळ पुसत म्हणालं, "काकू, पंखा जरा इकडे फिरवा की!"

"आज नाही हं," काकू म्हणाल्या. "आज घरी माणसं आलीत."