केसाएवढी रेघ

इब्राहिमभाई गेल्याचा निरोप आला तेव्हा मी शाळेत वह्या तपासत होतो. लेखणी हातात तशीच राहिली... आज महिना होऊन गेला, पण त्यांच्याशी बोलायची एक गोष्ट राहिली ती कायमचीच.

घोडेगावच्या पंचक्रोशीत विहिरीला सुरुंग लावावा तो इब्राहिमभाईंनीच. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पाथर्डीकडची एक विहीर खोदताना खडकाच्या पोकळीत त्यांना काचेसारखे दगड दिसले. छापील कागदावर ठेवले की खालचे प्रत्येक अक्षर दोनदा दिसे. नगरचे खाणखात्याचे साहेब म्हणाले, असा दगड लष्कराच्या दुर्बिणींना लागतो. मोठा, बिनभेगेचा एक तुकडा आणा, खाणीचा परवाना देतो. झाले, गडी वेडा झाला! हादऱ्याने दगड आतून तडकतो म्हणून या सुरुंगवाल्याने बारूदच सोडली. तीन वर्षे नुसती छिन्नी आणि हातोडी. विहिरींची कामे दुसऱ्यांकडे गेली, लोक हसले. मीही चिडवायचो, "भाई, काच बाजारात मिळते की!" ते म्हणायचे, "खान सुरू होऊ द्या मास्तर, हितली मान्सं पोटासाठी गाव सोडनार न्हाईत."

शेवटी नारळाएवढा एक दगड निघाला, पाण्यासारखा निर्मळ. नगरला नेण्याआधी गावाने त्याची पूजा मांडली, नारळ फोडायचा मान मला दिला. इब्राहिमभाई हळूच म्हणाले, "मास्तर, नारळ बाजूच्या खडकावर फोडा." मी मोठा शहाणा! म्हणालो, "ज्याची पूजा, त्याच्यावरच फोडायचा असतो." दुसऱ्यांच्या देवकार्यात कसे बोलावे म्हणून ते मागे सरले. मी नारळ आपटला... पाणी पुसले तर आत केसाएवढी रेघ.

साहेबांनी दगड उजेडात धरला आणि परत केला. तसा दुसरा सापडण्याआधीच लढाई संपली, मागणीही संपली. खड्डा मातीने भरला. सुरुंगाची कामे पुन्हा मिळाली नाहीत, इब्राहिमभाई सडकेवर खडी फोडू लागले. ते समोरून दिसले की मी रस्ता बदलत असे. माफी मागायची हिंमत झाली नाही, अगदी शेवटपर्यंत.

मातीला गेलो तेव्हा त्यांच्या मुलीने, जैनबने, फडक्यात बांधलेला तो दगड माझ्या हातात दिला. "अब्बांनी तुमाला द्यायला सांगितलं हुतं. भेग पयल्यापासूनच हुती, मास्तरांना कुनी बोल लावायचा न्हाई, असं ते घरात बजावायचे."

भेग पहिल्यापासून नव्हती, जैनब. मी पाडली.

दगड आता माझ्या टेबलावर असतो. रोज सकाळी तो खिडकीपाशी नेऊन उजेडात धरतो. रेघ तिथेच असते.