दोर धुऊन आणलाय!

आमचं गारखेड्यात ट्रेकिंगचं सामान भाड्यानं द्यायचं दुकान आहे. तंबू, स्लीपिंग बॅगा, पाठीवरच्या सॅक, काठ्या, दोर. गेलेलं सामान कधी एकटं परत येत नाही, सोबत एक किस्सा घेऊन येतं. असे किस्से आता सामानापेक्षा जास्त झालेत. मैत्रिणी म्हणतात, "सांग ना गं, लई हसू येतं!"

तुम्ही हसा. मला राग येतो. कारण हेच सामान घेऊन माझी मुलगी मुक्ता रविवारी पोरींना डोंगरात नेते. कड्यावरून दोरानं उतरायचं असलं की आधी ती स्वतः उतरते, मग पोरींना उतरवते. म्हणजे लोकांनी वापरून आणलेल्या दोराला पहिल्यांदा लटकतं ते माझं लेकरू!

*

पाचोडचे एक गृहस्थ होत्या नव्हत्या तेवढ्या स्लीपिंग बॅगा घेऊन गेले. मला वाटलं, शाळेची सहल असेल. परत आल्या त्या हळदीनं पिवळ्याधमक!

"दादा, हे काय?"

"पुतणीचं लग्न होतं ताई. पाहुण्यांना गाद्या कमी पडल्या. व्याही लई खूश! म्हणले, चेनवाली गादी पहिल्यांदाच बघितली."

"त्रास नाही ना झाला कुणाला?" मी आपलं रागानंच विचारलं.

"नाय नाय. नवरीच्या मामाची सकाळी चेन अडकली, तेवढा मुहूर्त हुकला."

*

डोंगर चढताना टेकायच्या काठ्या असतात. लांब-आखूड करता येतात. बिडकीनच्या एकानं त्या चिंचा पाडायला नेल्या! वाकवून आणल्या आणि वर मलाच बोलला, "काकू, माल चांगला ठेवत जा. फांदीवर मारली की काठी आतच जाते!"

*

काउंटरला मी एकटीच असते. तरी येणारा माणूस माझ्या डोक्यावरून आत बघतो.

"काकू, सर नाहीत का?"

"सर एसटीत ड्रायव्हर आहेत. काय हवंय ते मला सांगा."

"नाही, जरा टेक्निकल आहे."

एकदा वैतागून मी यांना फोन लावला आणि त्या माणसाच्या हातात दिला. हे म्हणाले, "साहेब, मी आजपर्यंत डोंगर फक्त घाटातून, स्टेअरिंगवरून बघितलाय. तंबूचं वरचं टोक कोणतं तेही मला कळत नाही."

त्यानं फोन परत दिला आणि विचारलं, "मग सर कधी येतात?"

*

तंबूच्या किश्शाला मात्र कुणी हसू नका. एका कुटुंबानं नेलेला मोठा तंबू परत आला तो मटणाच्या वासाचा आणि बुडाला जळून भोक पडलेला.

"आत स्वयंपाक केला?"

"बाहेर लई वारं होतं ताई."

"आणि लेकरं कुठं होती?"

"आतच की. गारठा होता म्हणून चेन पॅक लावून घेतली."

मी कधी कुणावर आवाज चढवत नाही. त्या दिवशी ओरडले. "अहो, गुदमरली असती ना लेकरं! पेटला असता तर कुठून बाहेर पडणार होती?"

ते गांगरून बायकोकडं बघत म्हणाले, "एवढं काय ताई... भोक शिवून देतो म्हणलं ना!"

*

दोर देताना मी प्रत्येकाला हात जोडून सांगते. हा माणसांसाठी आहे. यानं दुसरं काही ओढू नका. ओढलंच तर मला सांगा, मी रागावणार नाही. कारण दोर आतून दुखावला की वरून कळतंच असं नाही.

सोयगावकडचे एक भाऊ भाच्यांना कड्यावरून उतरवायचं म्हणून दोर घेऊन गेले. शनिवारी परत आले. दोराला साबणाचा घमघमाट.

"ताई, दोर धुऊन आणलाय!"

"का? काय लागलं होतं?"

"काहीच नाय. वापरलाच नाय."

"मग धुतला कशाला?"

"दुसऱ्याची वस्तू. इज्जतीनं परत द्यावी म्हणलं."

तिथंच मुक्ता उद्याची सॅक भरत बसली होती. तिनं तो दोर उचलला. तेवढ्यात त्या भाऊंचा मित्र दारातून म्हणाला, "अरे, ताईंना व्हिडिओ दाखव की! तुटला नाय म्हणून दोराची लई तारीफ झाली गावात."

भाऊंनी डोळे वटारले, पण मित्रानं स्वतःचाच फोन पुढं केला. चिखल. चिखलात रुतलेली कापसाची ट्रॉली. पुढं ट्रॅक्टर. आणि मधे तारेसारखा ताणलेला आमचा निळा दोर. ट्रॅक्टर झटके देतोय, लोक शिट्ट्या मारतायत.

सॅक घ्यायला आलेला एक कॉलेजवाला माझ्या खांद्यावरून बघत होता. म्हणाला, "काकू, आम्हाला हाच दोर द्या! एकदम टेस्टेड आहे!"

मी मुक्ताच्या हातातून दोर काढून घेतला. तंबूचं कापड कापायची मोठी कात्री घेतली. दोर दाद देत नव्हता. दोन्ही हातांनी जोर लावला आणि मधोमध कापला.

भाऊ खाली पडलेल्या दोराकडं बघत राहिले. मग हळूच म्हणाले,

"ताई, आता कापलाच हाय तर एक तुकडा द्या की. ट्रॉली अजून तिथंच हाय."