स्क्रीन काळी पडली की

मिरजेच्या एका हॉस्पिटलात मी कॉम्प्युटर सांभाळतो. सगळी मशीन लिनक्स या सिस्टिमवर चालतात. स्क्रीन काळी पडली की मला फोन येतो, आणि फोन करणारा घाबरलेलाच असतो. असे किस्से साठवावे लागत नाहीत. विसरायचे म्हटले तरी जात नाहीत.

*

नवा होतो. सीटी स्कॅनच्या खोलीत स्क्रीन गोठली. मी सरळ बटण दाबून मशीन बंद केलं! लोणंदच्या एका बाईंचे स्कॅन तेव्हा सर्व्हरकडे जात होते. निम्मे वाटेतच हरवले. बाईंना पुन्हा मशीनमध्ये झोपावं लागलं.

आमच्या सीनियर मुल्ला मॅडम ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "आत काय चालू आहे ते आधी बघ. मग हात लाव!"

मग त्यांनीच शिकवलं. कंट्रोल, ऑल्ट, एफ-थ्री एकदम दाबायचं. नुसती अक्षरं दिसतात. तिथून एक कमांड दिली की फक्त डिस्प्ले नव्यानं सुरू होतो, मागचं काम चालूच राहतं.

*

शिकलो आणि लय हुशार झालो. एका डॉक्टरांची स्क्रीन अडकली. दोन मिनिटांत डिस्प्ले परत आणला.

"मशीन वाचलं," ते म्हणाले, "पण मी टाइप करत होतो तो रिपोर्ट?"

डिस्प्लेबरोबर स्क्रीनवर उघडे असलेले प्रोग्रॅमही बंद होतात! त्यांनी आठवून आठवून तो पुन्हा टाइप केला. ते मला जा म्हणाले नाहीत, आणि मलाही जाववलं नाही.

*

मॅडमनी सर्व्हरच्या प्लगवर चिठ्ठी लावली: 'विचारल्याशिवाय काढू नये.' दुसऱ्याच दिवशी प्लग बाहेर, तिथं मोबाइलचा चार्जर! वॉर्डातल्या मावशींना विचारलं.

"इचारलं की! खोलीत कुणी न्हवतंच, मग न्हाई कोण म्हणणार?"

*

ऑपरेशन थिएटरबाहेर एक स्क्रीन आहे. पेशंटचं नाव आणि पुढं 'ऑपरेशन सुरू' असं दिसतं. कवठे महांकाळकडचे एक म्हातारे मेंढपाळ सकाळपासून तिच्यासमोर बसले होते. आत बायकोचं हृदयाचं ऑपरेशन. वाचता येत नव्हतं, म्हणून नर्सनं दाखवून ठेवलं होतं, तिसरी ओळ तुमची.

दुपारी स्क्रीन काळी पडली. मी कीबोर्ड घेऊन पोचलो, तर म्हातारे उभे, पटका हातात.

"सायेब, नाव पुसलं. गेली व्हय ती?"

"नाही आजोबा! नुसती स्क्रीन गेलीय. आत डॉक्टर काम करतायत."

कमांड दिली. नावं परत आली.

"वाचा की तिचं."

"शेवंता बिरा शेंडगे. ऑपरेशन सुरू."

"आनी एकदा वाचा."

वाचलं. परत वाचलं. मग मला तिथून जाववेना, शेजारीच बसलो. बऱ्याच वेळानं ती ओळ बदलली. 'ऑपरेशन पूर्ण.' तेही दोनदा वाचून दाखवलं.

म्हाताऱ्यांनी पटका डोक्याला गुंडाळला, डोळे पुसले आणि स्क्रीनकडं बोट केलं.

"पडू द्या आता काळी!"