मातृभाषेचा रकाना

बहात्तरचा दुष्काळ सरत आला तेव्हा मी म्युनिसिपालटीच्या मराठी शाळेत शिक्षिका म्हणून लागले. शाळा सोलापूरच्या पूर्व भागात, यंत्रमागांच्या वस्तीत. माझ्याकडे तिसरीचा वर्ग होता, पटावर पन्नासेक मुलं. बहुतेकांचे वडील मागावर, आया घरी विड्या वळायच्या. दुष्काळात मेंढ्या विकून सांगोल्याकडून आलेल्या दोन-तीन घरांची मुलंही होती.

वर्षाच्या सुरुवातीला शिक्षण खात्याच्या कचेरीला एक तक्ता भरून द्यावा लागे. जात, पालकाचा धंदा, मातृभाषा. मातृभाषेच्या रकान्यापाशी मी अडले. हेडमास्तर मोडनिंबकडचे, सरळ गृहस्थ. ते म्हणाले, "मराठी शाळा हाय की, बाई. मराठीच लिवा." मी सगळ्यांच्या नावापुढे मराठी लिहिलं. अक्षर छान आलं होतं.

वार्षिक परीक्षेत गणितात मूठभर मुलं नापास झाली. मराठीत जवळजवळ निम्मा वर्ग. कचेरीतून विचारणा आली की, मातृभाषा मराठी असलेली मुलं मराठीतच कशी नापास होतात? हेडमास्तरांनी तो कागद माझ्यापुढे सरकवला. म्हणाले, "एकेकाच्या घरी जाऊन या."

पहिलं घर निवडलं ते मागच्या रांगेतल्या एका मुलीचं. ती वर्गात तोंड उघडत नसे. मी तिला मठ्ठ ठरवून मागे बसवलं होतं, आणि एकदा तसं सगळ्यांसमोर म्हणालेही होते.

एकच खोली. तिची आई मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होती. मला बघून तिने पदर सावरला आणि तेलुगूत काहीतरी विचारलं. मुलगी म्हणाली, "आई म्हणतो, बाई बसा."

मी बसले. "आईला सांग, तू मराठीत नापास झालीस."

म्हटलं, आता ही काहीतरी भलतंच सांगणार. पण तिने चेहरा जराही न हलवता तेलुगूत सांगितलं. त्या सगळ्या अनोळखी बोलण्यात 'नापास' हा शब्द तेवढा लख्ख ऐकू आला. मी पुढे म्हणाले, ती वर्गात बोलत नाही, उत्तरं देत नाही. तिने तेही सांगितलं. काही गाळलं नसावं, कारण आईचा हात थांबला होता.

आई बराच वेळ बोलली. मुलगी जमिनीकडे बघत म्हणाली, "आई म्हणतो, दवाखान्यात डॉक्टरला माझं दुखणं हीच सांगतो. रेशनच्या दुकानात हीच भांडतो. मग नापास कसा?"

"आई म्हणते," मी सवयीने म्हणाले. "म्हणतो नाही."

"हो बाई," ती म्हणाली, आणि तेही आईला सांगितलं. आई हसली.

तसल्याच चुकांचे गुण मी पेपरात कापले होते. चहा आला. पाऊण तास ती आम्हा दोघींमध्ये बसून होती आणि एकदाही अडली नाही. मला तेलुगूचा एक शब्द येत नव्हता, आणि त्या घरात त्याबद्दल मला कोणी मागे बसवलं नाही. चहा संपवताना माझी मान वर होत नव्हती.

उरलेल्या घरांमधून तेलुगू निघाली, कानडी निघाली, दोन घरांत उर्दू. मराठी होती ती मुख्यतः सांगोलेकरांकडे, आणि ती आमच्या पुस्तकातली नव्हती. मी तक्ता नव्याने भरला. हेडमास्तरांनी चष्मा काढला. "बाई, ह्यात मराठी लईच कमी उरली की." तरी सही केली.

कचेरीचं उत्तर आलं: गेल्या वर्षी याच मुलांची मातृभाषा मराठी होती, ती एका वर्षात कशी बदलली, याचा खुलासा करावा. मी दोन पानं खुलासा लिहिला. त्याला उत्तर आलं नाही. नापास झालेल्यांची तोंडी परीक्षा घ्यायची परवानगी मी हेडमास्तरांकडून मागून घेतली. त्यात बरीच मुलं वर गेली. ती मुलगीही चौथीत गेली. मठ्ठ म्हटल्याबद्दल मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, "हो बाई." माझ्या कुठल्याही वाक्याला ती हेच म्हणायची, त्यामुळे माफी पोचली की नाही ते कळलं नाही.

दिवाळीनंतर पालकसभा झाली. हेडमास्तरांनी त्या मुलीला स्वतःशेजारी खुर्ची दिली. त्यांनी स्वच्छतेवर एक वाक्य बोलायचं, तिने तेलुगूत सांगायचं. एके ठिकाणी सगळ्या आया खळखळून हसल्या. हेडमास्तर गोंधळले.

"मी हसण्यासारखं काय बोललो गं?"

"काही नाही सर," ती म्हणाली. "ते मी बोललो."