झोपाळ्याची चार मिनिटं

आण्णांच्या श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवर टॉकीजच्या मालकाचा फोटो आण्णांपेक्षा मोठा आहे.

तासगाव स्टँडसमोर लागलाय. हात जोडलेले, पण मनगटातलं कडं दिसेल असे. खाली बारीक अक्षरांत आण्णांचं नाव आणि ओळ: "आमच्या टॉकीज परिवाराचा आधारवड हरपला."

मला तो फाडावासा वाटतोय.

आण्णा म्हणजे नेमगोंडा आण्णा. आमचे शेजारी, इथल्या टॉकीजचे ऑपरेटर. परवा गेले. टॉकीजचं आता मंगल कार्यालय झालंय, त्यामुळे नव्या लोकांना माहीत नसेल. या आधारवडाला मालकानंच हाकललं होतं.

चार मिनिटांसाठी.

मी तेव्हा एफवायला. मॅटिनीला एक जुना ब्लॅक अँड व्हाइट भुताचा सिनेमा लागला होता. मोठ्या घरात एकटी बाई. माजघरात झोपाळा. करकर, करकर. त्या आवाजाची आपल्याला सवय होऊन जाते.

मग एका सीनमध्ये बाई आत स्वयंपाकघरात असते आणि कॅमेरा नुसता झोपाळ्याकडे बघत राहतो. त्यावर कोणी नाही. झोपाळा हलतोय.

आणि अचानक करकर थांबते.

झोपाळा हलतच असतो.

मालक म्हणाला, "आण्णा, काप ते. नुस्ता झोपाळाच हलतोय. सहाची कडेगाव गाडी चुकंल लोकांची."

तेव्हा अशीच पद्धत होती. शेवटच्या एसटीच्या वेळेत बसवायचा म्हणून सिनेमा कापायचा. आण्णांनी कापला.

दुसऱ्या दिवशी भूत आलं तेव्हा पब्लिक हसलं. शिट्ट्या पडल्या. "आरं, तिची वेणी तरी घाला की रं कुनीतरी!"

आण्णा आमच्या कट्ट्यावर येऊन बसले. चेहरा उतरलेला.

"भूत तेच हाय. मेकअप तोच. मग आज भ्या का वाटंना?"

मग त्यांनीच कट्ट्याखालच्या कोपऱ्याकडे बोट केलं.

"झोपाळ्याकडं आपुन कुठनं बघतोय? खालनं. कोपऱ्यातनं. कॅमेरा पार जमिनीला टेकवलाय त्यांनी. मग त्या कोपऱ्यात कोन बसलंय?"

"कोण?"

"आपुनच की! भूत जिथं बसतंय तिथं पब्लिकला नेऊन बसवलंय, चार मिनिटं. वर आवाजबी काढून घेतलाय. मानूस श्वास घ्यायचं इसरतंय. मागनं भूत दावलं काय आन् न दावलं काय!"

रविवारी त्यांनी तो तुकडा परत जोडला. कुणाला न विचारता.

मी होते त्या शोला. करकर थांबली आणि थेटरात खुर्चीसुद्धा वाजली नाही. शेवटाकडे बाहेर एसटीचा हॉर्न ऐकू आला. मग डबल बेल. गाडी गेली.

एक माणूस उठला नाही.

शो सुटला तेव्हा मालक केबिनच्या जिन्यात उभा. "एकोणीस वर्सं पोसला तुला. उद्यापास्नं दिसू नगंस. आन् जायच्या आधी त्यो तुकडा काप."

हो. शेवटचं काम म्हणून त्यांच्याच हातानं कापायला लावला.

आणि खाली जमलेले लोक, आत श्वास रोखून बसलेले तेच लोक, गाडी चुकली म्हणून आण्णांनाच बोलत होते. मीही गप्प राहिले. मान खाली घालून घरी आले.

आण्णांनी पुढची वर्षं बेदाण्याच्या शेडवर काढली.

पण फ्लेक्स बघून एवढा संताप का झाला, ते मला काल कळलं.

काल आण्णांच्या बायकोनं, म्हणजे काकूंनी, माझ्या हातात बिस्किटांचा पत्र्याचा डबा ठेवला. आत फिल्मचं छोटं भेंडोळं. ती चार मिनिटं. आणि त्यावर घडी घातलेलं एक कात्रण.

माझा लेख. दिवाळी अंकातला. भयपट आपल्याला कसे घाबरवतात, यावरचा.

तुमच्यापैकी कितीजणांनी तेव्हा फोन केले होते! "ते कोपऱ्यात बसवण्याचं काय सुचलंय गं तुला!" साताऱ्यात त्यावर बोलले, सांगलीत बोलले. शाल घेतली, नारळ घेतला.

आण्णांचं नाव एकदाही घेतलं नाही.

"काकू, आण्णांनी वाचलं होतं हे?"

"वाचलं? आख्ख्या गल्लीला दावलं! मी म्हनलं, आवं, तुमचं नाव कुठं हाय ह्यात? तर म्हनले, येडे, ऑपरेटरचं नाव पडद्यावर येतंय व्हय कवा?"

काकू हसल्या. मला हसता आलं नाही.

मालकानं निदान बारीक अक्षरांत का होईना, नाव लावलं. मी तेवढंही केलं नाही. फाडायचाच असेल तर आधी काय फाडू?

तर आज लिहिते. त्या लेखातला कोपरा, जमिनीवरचा कॅमेरा, काढून घेतलेला आवाज, सगळं नेमगोंडा आण्णांचं. ज्यांनी तेव्हा मला शाबासकी दिली त्यांनी आता काकूंकडे जाऊन ती द्या. घर तेच आहे.

आण्णा, तुमचं नाव आलं बघा.

लय उशिरा आलं.

नमस्कार करते.