वकीलसाहेबांचे पसरलेले हात

आमच्या वकीलसाहेबांची मोटार इतकी लांब होती, की तिचं तोंड राजापेठेत वळायचं तेव्हा शेपूट अजून बडनेऱ्यात चहा पीत असे. रुंदीचं तर विचारूच नका. ती गल्लीत शिरली की दोन्ही बाजूंच्या घरांतली माणसं पोटं आत ओढून घेत. मी साहेबांचा ज्युनिअर. वकिली करण्याआधी ती मोटार ढकलण्याचा मान मला मिळाला.

फूटपट्टीवर साहेबांचा काडीचा विश्वास नव्हता. अडचणीची जागा आली की खाली उतरायचे, दोन्ही हात पसरायचे आणि त्या फटीतून चालत जायचे. बोटं कुठं घासली नाहीत, की गर्जना व्हायची, "निघते!" आणि निघायचीच. साहेब हात पसरताना दिसले की गल्लीतल्या म्हशी आपण होऊन गोठ्यात जात.

दुसरा त्यांचा बाणा असा, की उभ्या गाडीला धडकेल तो गुन्हेगार. "उभ्यानं काय केलं, बाप्पा? तो तं उभा होता!" एकदा एक फौजदार सायकलसकट त्यांच्या उभ्या मोटारीवर आदळला, तर साहेबांनी त्याला मोटारीची माफी मागायला लावली. मोटारीनं ती दिली, असं साहेब शपथेवर सांगत.

त्यांची एकुलती एक लेक कुसुम. तिच्या फटकळ जिभेपायी दोन स्थळं परत गेलेली. म्हणून अकोल्याचे डॉक्टर आपल्या मुलासाठी तिला बघायला आले, त्या दिवशी घरानं श्वाससुद्धा जपून घेतला. साहेबांनी नवा बंद गळ्याचा कोट शिवला होता. आम्ही पेढे घेऊन परतलो, तर पाहुण्यांची मोटार दारासमोर उभी. तिच्यात आणि समोरच्या भिंतीत जेमतेम फट. साहेब उतरले, हात पसरून चालून आले. "निघते!"

नाही निघाली. असा कर्रकन आवाज झाला, की पार तिवशापर्यंत कोंबड्या उडाल्या असतील. पाहुण्यांच्या मोटारीचं दार वाटीसारखं खोल गेलं.

सगळे बाहेर धावले. मुलाचे मामा ओरडले, "अपशकून!" डॉक्टर मात्र भला माणूस. म्हणाले, "जाऊ द्या, वकीलसाहेब. गाडी आमीच वाकडी लावली. चूक आमची."

मी साहेबांच्या कानाशी लागलो, "साहेब, हो म्हणा. स्थळ वाचते."

"नाई! उभी होती ते तुमची, धडकली ते माही. कसूर माहा."

"बराबर हाय," मामा म्हणाले. "मुलीच्या बापाले वाकाच लागते."

साहेब कडाडले, "मुलीचा बाप म्हणून मी कोनापुढं वाकत नाई! डायवर म्हणून वाकतो!" आणि त्यांनी त्या चेपलेल्या दाराला खरोखर वाकून हात जोडले.

तिसरंही स्थळ गेलं, असं मी मनाशी म्हटलं. तेवढ्यात पोह्यांचं ताट हातात घेऊन कुसुमच दारात आली. "बाबा, तो कोट काढा आन् पुन्हा हात पसरा."

साहेबांनी कोट काढला, हात पसरले. ते मघापेक्षा चांगले वीतभर लांब झाले!

"शिंप्यानं काखेत तंग शिवला," कुसुम म्हणाली. "हात पुरते पसरलेच नाई. मंग बोटं कायले घासतीन?"

मामांच्या मागं उभा असलेला नवरामुलगा खदखदून हसला. "मले पसंत हाय."

"अबे, अजून पोहे खाल्ले नाई तू!" मामा खेकसले.

"पोहे नाई, मामा. मुलगी."

डॉक्टरांनी ते दार कधीच ठोकून घेतलं नाही. व्याह्याची सही आहे म्हणायचे. लग्नानंतर कुसुम सासरी निघाली ती त्याच मोटारीतून. गल्ली अरुंद, म्हणून साहेब पुढं हात पसरून चालू लागले. गल्ली संपली. अकोल्याचा रस्ता लागला, हत्तींची वरात जाईल एवढा रुंद. तरी साहेब मधोमध, हात तसेच पसरलेले. मागून हॉर्न वाजवायची कुणाची छाती होईना. मामांचीसुद्धा.

शेवटी कुसुमनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "बाबा," ती म्हणाली, "निघते."

साहेबांनी एकेक करून दोन्ही हात खाली घेतले, आणि रस्त्याच्या कडेला उभे राहिले.